दारूची निवड

"अमेरिकेत तीन आठवडे होतो, त्यातले दोन दिवस दारूची निवड कशी करतात हे शिकण्यात गेले," असं मी रजेवरून परतल्यावर बँकेत सांगितलं. त्याबरोबर कॅश काउंटरपासून लॉकरच्या दारापर्यंत सगळ्या माना वर झाल्या. एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही वाक्याला एवढा श्रोतृवर्ग लाभला नव्हता. मग "म्हणजे बंदुकीची हो!" असं मी म्हणालो आणि सगळ्या माना पुन्हा लेजरकडे वळल्या. हल्ली लेजर नसतं, संगणक असतो. पण मान वळायची ती तशीच वळते.

त्याचं असं झालं. माझा भाचा कॅन्सस राज्यात असतो. त्याचे शेजारी म्हणजे ऐंशीच्या घरातले एक म्हातारबुवा. त्यांना काडतुसं घरी भरण्याचा नाद. उडालेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं ते टाकून देत नाहीत. पुसतात, दाबून मापात आणतात, बुडाला नवी टोपी बसवतात, आत दारू भरतात आणि तोंडाशी गोळी दाबून बसवतात. आमच्या घरी रिकाम्या बरण्या धुऊन त्यांत डाळी भरतात, त्याच जातीचा हा संसारीपणा. ही काडतुसं कशासाठी, तर शेताकुरणांत बिळं करणाऱ्या प्रेअरी डॉगसारख्या उपद्रवी प्राण्यांसाठी. नाव डॉग असलं तरी हा प्राणी खारीच्या कुळातला. भुंकल्यासारखा आवाज काढतो, एवढ्यावरून त्याला कुत्र्याचं नाव मिळालं. आमच्या खात्यात काही साहेब असेच झालेले आहेत.

म्हातारबुवांच्या गॅरेजात फळीवर दारूचे वीसएक डबे होते. प्रत्येकावर चार आकडी नंबर. मी भाबडेपणानं विचारलं, "सगळ्यात चांगली कुठली?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काउंटरवर येऊन "सगळ्यात चांगला फॉर्म कुठला?" असं विचारलं होतं.

आपली समजूत अशी, की दारू म्हणजे गंधक, सोरा आणि कोळसा यांची काळी पूड. शेकडो वर्षं तसंच होतं. बार काढला की धूर इतका, की नेम लागला की नाही हे कळायला वाऱ्याची वाट पाहावी लागे. पुढे १८४५च्या सुमारास बाझेलमधल्या शोनबाइन नावाच्या प्राध्यापकांच्या हातून स्वयंपाकघरात आम्ल सांडलं. ते त्यांनी बायकोच्या सुती एप्रनला पुसलं आणि एप्रन शेगडीजवळ वाळत घातला. तो भस्सकन नाहीसा झाला, अशी कथा सांगतात. खरीखोटी शोनबाइनबाईंना ठाऊक. पण आम्लात भिजवलेल्या कापसाची दारू त्यांनी शोधली हे खरं. ती फार अवखळ होती. तिला शिस्त लावली ती १८८४ साली पॉल व्हिएल या फ्रेंच माणसानं. तेव्हापासून बिनधुराची दारू आली आणि काळी पूड मुख्यतः हौशी आणि शोभेच्या दारूवाल्यांकडे राहिली.

ही नवी दारू पूड नसतेच. कुठे चहाच्या पत्तीसारखी, कुठे खसखशीसारखी, कुठे शेवयांच्या चुऱ्यासारखी. त्या चुऱ्याच्या मधोमध बारीक भोक असतं. दाणा बाहेरून जळत जातो तसा आकसतो, पण आतलं भोक जळत जाऊन मोठं होतं. म्हणजे जळणारा पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो! बाहेरची घट आतल्या वाढीनं भरून निघते. मी कॉमर्सचा पदवीधर. एवढा सुरेख जुळलेला ताळेबंद मी फक्त परीक्षेच्या पेपरात पाहिला होता.

आणि निवडीचं मर्म इथेच आहे. दारू किती जोरकस हा प्रश्न नसून ती किती घाईनं जळते हा आहे. छोट्या नळकांड्याला घाईची दारू लागते, कारण तिला काम उरकायला जागाच थोडी. मोठं पोट आणि अरुंद मान असलेल्या काडतुसाला संथ लागते. उलट केलंत तर एका बाजूला अर्धवट जळलेले दाणे आणि दुसऱ्या बाजूला फुटलेली बंदूक. ०.२२ इंची गोळीच्या घराण्यात दोन्ही स्वभाव आहेत. हॉर्नेट हे चिमुकलं काडतूस १९३० साली बाजारात आलं. त्याचा पूर्वज १८८५चा, काळ्या पुडीचा. त्याला घाई चालते. १९३५ साली स्विफ्ट आलं. त्याची गोळी सेकंदाला चार हजार फुटांच्या वर जायची. त्याला संथ दारू लागते, आणि ते नळी लवकर झिजवतं अशी त्याची बदनामीही आहे. वजन मोजायचं ते ग्रेनमध्ये. एका पौंडात सात हजार ग्रेन, म्हणजे एक ग्रेन आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा. म्हातारबुवांसमोर सोनाराचा तराजू शोभला असता.

पण माझा जीव रमला तो एका कर्जप्रकरणात. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सरकारकडे ४८९५ नंबरची दारू डोंगराएवढी पडून होती. कॅन्ससमध्येच ब्रूस हॉजडन नावाचा गॅसची उपकरणं विकणारा फिरता विक्रेता होता. त्यानं आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं आणि पन्नास हजार पौंड दारू विकत घेतली. ठेवायला जागा नाही, म्हणून रेल्वेचा एक जुना डबा आणून कुरणात उभा केला. मग मासिकात छोटीशी जाहिरात दिली. लष्करी रायफलीसाठी केलेली ती दारू लहान काडतुसांनाही मानवली, आणि हौशी लोकांना स्वस्तात खजिना सापडला. माझ्यासमोर हा अर्ज आला असता तर? 'कर्जाचे प्रयोजन : दारू खरेदी.' मी शेरा न मारता थेट रजेवर गेलो असतो. गंमत अशी, की त्या काळी कॅन्ससमध्ये दारूबंदी होती! १८८० साली तिथल्या जनतेनं ती मतदानानं राज्यघटनेत घातली होती आणि ती उठली १९४८ साली. म्हणजे बाटलीभर जवळ बाळगली तर गुन्हा, आणि वाघिणीत भरून विकली तर व्यापार. हा विनोद मी म्हातारबुवांना समजावून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. इंग्रजीत त्या दोन वस्तूंना दोन शब्द आहेत. बिचारे गरीब आहेत भाषेच्या बाबतीत.

टेबलावर मात्र एका वेळी एकच डबा. तो बंद करून फळीवर गेल्याशिवाय दुसरा खाली यायचा नाही. आमच्याकडे कॅशियर एक बंडल मोजून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही, तसंच. मी म्हणालो, "दिसायला तर सगळ्या सारख्याच. थोडी इकडची तिकडे झाली तर?" म्हातारबुवा हसले नाहीत. ते म्हणाले, "१९६७ साली मी व्हिएतनाममध्ये होतो."

तो इतिहास मी नंतर वाचून काढला. १९५० साली रानातल्या असल्याच प्राण्यांसाठी आणि निशाणबाजीसाठी एक नेमकं काडतूस निघालं होतं. पुढे तेच किंचित लांब करून एम-सोळा या नव्या लष्करी रायफलीसाठी घेतलं. रायफल जुळवली होती शेवयांच्या जातीच्या दारूवर. पण ठरलेला वेग ठरलेल्या दाबात दरवेळी देण्याची हमी त्या दारूत कोणी देईना. तेव्हा १९६४ साली खसखशीच्या जातीची दुसरी दारू मंजूर झाली. वेग बरोबर, दाब बरोबर. कागद स्वच्छ. रायफलीला मात्र कोणी नीट विचारलं नाही. मिनिटाला सात-आठशे बार काढणारं यंत्र हजारापर्यंत धावू लागलं, आणि दारूतल्या चुन्याच्या अंशाची पुटं आत साचू लागली. त्यात पुन्हा ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा बोलबाला होता, म्हणून साफसफाईचं सामानही पुरेसं दिलं नव्हतं. ऐन चकमकीत उडालेलं नळकांडं आतच अडकून बसे. पोरं घरी पत्रं लिहीत. ती पत्रं खासदारांपर्यंत गेली. १९६७ साली संसदेच्या समितीनं चौकशी केली आणि लष्करी व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. मग गोळी बसते त्या खोबणीला क्रोमचा मुलामा आला, चुन्याचं प्रमाण उतरवलं गेलं, साफसफाईचं सामान पोचलं.

एकाच नावाचे दोन खातेदार समजून न घेता मी एकदा एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात घातले होते. तिसऱ्या दिवशी उलट नोंद केली आणि चहा पाजून प्रकरण मिटवलं. त्या दिवशी गॅरेजात मला ते आठवलं, आणि आपल्या खात्यात उलट नोंद करता येते याचं भाग्य प्रथमच जाणवलं.

"तुमचीही अडकली होती?" मी विचारलं.

"माझी नाही," म्हातारबुवा म्हणाले. "शेजारच्याची."

मग त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं, नंबर पुन्हा एकदा वाचला, वहीत लिहिला आणि डबा फळीवर ठेवून दिला. दुसरा खाली काढण्यापूर्वी टेबल फडक्यानं पुसलं. मी खुर्ची थोडी मागे घेतली आणि पुढची एकवीस काडतुसं भरून होईपर्यंत एक शब्दही बोललो नाही. भाचा म्हणतो, मामा आजारी आहे की काय असं त्याला वाटलं.