आनंदीबाईंचा अर्ज

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी दुपारी खालापूर तालुक्यातील एका लहानशा गावची एक विद्यार्थिनी आमच्या कर्जतच्या घरी आली. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात कामगार. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच. तिला सार्वजनिक आरोग्य हा विषय घेऊन अमेरिकेतील एका विद्यापीठात जावयाचे होते, आणि त्यासाठी आमचे शिफारसपत्र हवे होते. सोबत तिने आपले निवेदनही आणले होते. आपण कोण, काय शिकलो, पुढे काय व का शिकू इच्छितो, हे अर्जदाराने स्वतःच्या शब्दांत सांगावयाचे, असा तिकडील विद्यापीठांचा परिपाठ आहे. निवेदनातील इंग्रजी निर्दोष होते. दोष काढावयाचाच तर इतकाच, की त्यात ही मुलगी कोठेच नव्हती. मानवजातीच्या सेवेची तळमळ तिला म्हणे बालपणापासून लागली होती!

"हे तूच लिहिलेस काय?" आम्ही विचारले.

"सर, सगळे असंच लिहितात," ती म्हणाली.

मग चहा घेता घेता ती मोकळेपणाने बोलू लागली. गावातील लोक तिला काय काय विचारतात ते तिने सांगितले. एवढ्या दूर कशाला? मुंबईत शिकता येत नाही काय? एकटी कशी जाणार? परत आल्यावर तुझे लग्न कोठे जमणार? तिकडे आजारी पडलीस तर? आपल्यात कोणी मुलगी गेली आहे काय? ती हसत हसत सांगत होती. आम्ही मात्र चमकलो. हे प्रश्न आम्ही पूर्वी वाचले होते, आणि जवळजवळ याच क्रमाने.

श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी अठरा वर्षेही पुरी न झालेली एक महाराष्ट्रीय स्त्री इंग्रजीतून बोलावयास उभी राहिली. हे श्रीरामपूर बंगालमधले, कलकत्त्याजवळचे; आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे. लोकांनी तिला विचारलेले सहा प्रश्न तिने स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. मी अमेरिकेस का जाते? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? मी एकटी का जाते? परत आल्यावर मला वाळीत टाकणार नाहीत काय? संकट ओढवले तर मी काय करीन? आणि स्त्रीजातीत कोणीही जे केले नाही ते मी का करावे? ही स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचे नाव आपल्याकडे कोणास ठाऊक नाही असे नाही. परंतु पहिली स्त्री डॉक्टर एवढे बिरुद चिकटवून आपण त्यांना भिंतीवरच्या तसबिरीत बसविले आहे. त्यांनी प्रवेश मिळविला कसा, अर्जात लिहिले काय, हे विचारण्याची आपणास गरज वाटत नाही.

आनंदीबाई जन्मल्या ३१ मार्च १८६५ रोजी. माहेर कल्याणचे. त्या काळी कल्याण आणि आमचे कर्जत हे एकाच ठाणे जिल्ह्यातील शेजारी तालुके. कर्जत कुलाब्यास जोडले गेले ते पुढे १८९१ साली. म्हणजे सरकारी दप्तराच्या हिशेबाने ही बाई आमच्याच जिल्ह्यातली. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. वैद्यकी शिकण्याचा निश्चय त्या दुःखातून उगवला असे त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही.

गोपाळराव हा मोठा विक्षिप्त गृहस्थ. पत्नीने शिकलेच पाहिजे हा त्याचा हट्ट, आणि त्यापायी त्याने तिला दिलेला जाचही प्रसिद्ध आहे. आम्हांस या गृहस्थाविषयी प्रेम वाटत नाही; पण अर्जाच्या या कथेतील पहिले पत्र त्याचे आहे, हे नाकारता येत नाही. १८७८ साली कोल्हापुरास असताना त्याने अमेरिकन मिशनऱ्यांमार्फत आपणास तिकडे नोकरी आणि पत्नीस शिक्षण मिळेल काय अशी विचारणा केली. ते पत्र कोल्हापुरात पूर्वी राहून गेलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याच्या हाती गेले. त्याने आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकात ते छापले आणि सोबत उत्तरही छापले. उत्तराचा मथितार्थ असा, की आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा, मग पाहू. हा पहिला अर्ज, आणि हा पहिला नकार.

प्रकरण तेथेच संपावयाचे. पण १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तेथे पडलेला मासिकाचा जुना अंक त्यांनी सहज उघडला आणि ते पत्र वाचले. त्यांनी आनंदीबाईंस लिहिले. आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि मग पत्रांचा ओघ सुरू झाला. सणवार, देवधर्म, खाणेपिणे, बालविवाह, दुखणीबाणी, सर्व त्यांत आले. आनंदीबाई कार्पेंटरबाईंस मावशी मानू लागल्या. प्रकृतीच्या तक्रारी ऐकून या मावशीने अमेरिकेहून औषधेही पाठविली. आमच्या मते आनंदीबाईंचा खरा प्रवेश-अर्ज हा पत्रव्यवहारच होय. तो लिहिताना आपण अर्ज करीत आहोत हे त्यांच्या मनातही नव्हते, म्हणून तो इतका चांगला उतरला.

आता श्रीरामपूरच्या सभेकडे वळू. त्या भाषणात आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. येथे सोयच नाही असे बाईंनी म्हटले नाही. मद्रासेस वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सुईणींचे वर्गही निघाले आहेत, हे त्यांनी मान्य केले. मात्र ते शिक्षण अपुरे का आणि आपल्यासारखीस तेथे अडचणी कोणत्या, ते सांगितले. हातात पुस्तके घेऊन, पायांत बूट घालून रस्त्याने चाललेल्या ब्राह्मण बाईकडे लोक कसे पाहतात, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याहून साधे. पतीसह जाण्याचाच विचार होता, परंतु तेवढा पैसा नाही, आणि त्यांच्यावर आई व धाकटे भाऊ अवलंबून आहेत. मोठेपणाचा आव कोठेच नाही. चौथ्या प्रश्नापाशी मात्र सूर चढतो. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहीन. वाळीत टाकावयाचे असेल तर आताच का टाकीत नाही, असा उलट प्रश्न त्यांनी केला.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. माहेरच्या सोन्याच्या बांगड्या प्रवासखर्चासाठी विकल्या होत्या. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. आता आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट. येथपर्यंत त्यांनी कोणत्याही महाविद्यालयाकडे रीतसर अर्ज केलेला नव्हता! फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास त्यांनी पत्र लिहिले ते २८ जून रोजी, म्हणजे अमेरिकेत पाऊल ठेवल्यानंतर तीन आठवड्यांनी. आधी समुद्र ओलांडावयाचा आणि मग दार ठोठवावयाचे, हा क्रम त्या काळी चालून गेला, कारण अशा प्रवाशास व्हिसा लागत नव्हता. दरवाजा सर्वांस उघडा होता असे मात्र नव्हे. चिनी मजुरांस बंदी करणारा कायदा आदल्याच वर्षी, १८८२ साली झाला होता. पुढे १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांस मज्जाव झाला, विद्यार्थ्यांसारख्या काहींस सूट राहिली. १८८३ मध्ये आनंदीबाई त्या अरुंद फटीतून आत गेल्या.

ते पत्र पाहण्यासारखे आहे. आपल्या अटींत मी सर्व बाबतींत बसत नसेन, हे त्या प्रथमच सांगून टाकतात. पण माझी स्थिती अपवादात्मक आहे, तेव्हा सवलत द्यावी, अशी विनंती करतात. गुणपत्रिका नाहीत, कारण शाळाच धड झाली नव्हती. त्यांच्या जागी एकच पुरावा पुढे केला आहे: स्नेही आणि जात यांचा एकवटलेला विरोध मोडून ज्या निर्धाराने मी आपल्या देशात आले, तो निर्धार अभ्यासातही उपयोगी पडेल. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशभगिनींसाठी मला ही विद्या हवी आहे, हा हेतूही तेथेच सांगितला आहे. आणि अध्ये एक लहानसे वाक्य आहे: माझी प्रकृती चांगली आहे.

ते वाक्य वाचताना प्रत्येक वेळी आम्ही थबकतो. श्रीरामपुरात असतानाच त्यांना वारंवार ताप येई, डोके दुखे, अशक्तपणा असे. मावशीची औषधे त्याचसाठी आली होती. साऱ्या अर्जात खोटे म्हणण्याजोगे असेल तर एवढेच, आणि ते कोण अर्जदार लिहिणार नाही?

महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी त्यांना घेतले, आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची मदतही मिळाली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली तेव्हा समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदावर नेमणूकही केली. नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईस उतरल्या त्या क्षयाने पोखरून. तेथून पुण्यास नेले, ते आगगाडीनेच नेले असणार. म्हणजे कल्याण मागे टाकून, कर्जत स्थानकात जादा इंजिन लागेपर्यंत थांबून, ती गाडी आमच्या दारावरून बोरघाट चढून गेली असली पाहिजे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयास बावीस वर्षे पुरी व्हावयाची होती. वाळीत टाकण्याचा प्रश्न लोक विसरले होते. पुण्याने त्यांचा गौरवच केला. त्यांच्या अस्थी मावशीने न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

परत येण्याचा प्रश्न पुढे दुसऱ्या एका विद्यार्थ्यास वेगळ्या रीतीने भोवला. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन असा करार त्यांना ४ जून १९१३ रोजी लिहून द्यावा लागला. शब्द पाळण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास आले, आणि त्या शहरात त्यांना राहावयास घर मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून उतरले होते तेथूनही त्यांना हुसकून लावण्यात आले. आनंदीबाईंस समाजाने आधी प्रश्न विचारले आणि नंतर हार घातले. आंबेडकरांस प्रश्न न विचारताच दार लावले. परत येशील काय, असे विचारणाऱ्याने आपण परत घेऊ काय याचेही उत्तर जवळ बाळगावे, असे आम्हांस वाटते.

हल्ली हा प्रश्न विचारण्याचे काम अमेरिकेच्या वकिलातीने आपल्याकडे घेतले आहे. तेथील १९५२ च्या कायद्याप्रमाणे व्हिसा मागणारा मनुष्य कायमचा राहावयासच येत आहे असे धरून चालावयाचे, आणि तसे नाही हे त्याने पटवून द्यावयाचे. आधी विद्यापीठाचा प्रवेश, मग त्याचा आय-२० नावाचा कागद, मग शुल्के, मग वांद्रे-कुर्ला संकुलातील मुलाखत. तेथे काचेपलीकडचा अधिकारी दोन-तीन मिनिटांत तेच विचारतो: अमेरिकाच का? येथे का नाही? खर्च कोण करणार? परत येणार काय? श्रीरामपूरच्या सभेस बाईंजवळ सबंध भाषणाचा वेळ होता, एवढाच फरक.

एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. तरुणपणी आम्हीही असा एक अर्ज मागविला होता. इंग्रजी वाङ्मयाचा विषय, निवेदन स्वच्छ टंकलिखित केलेले, त्यात शेक्सपिअरची तीन अवतरणे. अर्जाचे शुल्क डॉलरांत होते आणि घरी धाकट्या बहिणीचे लग्न होते. लिफाफा बंद केला, पण टपालात पडला नाही. तो अद्याप कपाटात आहे. परवा काढून वाचला तर त्यातही आम्ही कोठे सापडलो नाही.

असो. त्या मुलीस आम्ही सांगितले, "हा कागद ठेवून दे, आणि गावच्या लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिही. खरी उत्तरे."

आठ दिवसांनी ती नवे निवेदन घेऊन आली. इंग्रजी पहिल्याइतके गुळगुळीत नव्हते. दोन ठिकाणी आम्ही क्रियापदे सुधारली. तिच्या आजीला रात्री सर्पदंश झाला तेव्हा पुरात ओढ्यापलीकडे नेता आले नाही, ही हकीगत त्यात होती. मुंबईत हा विषय शिकता येतो हे तिने लिहिले होते, आणि तरीही का जावयाचे तेही. परत येण्याविषयी तिने लिहिले होते, की येण्याची इच्छा आहे, परंतु कर्ज किती वर्षांत फिटेल हे आज सांगता येत नाही.

"सर, हे वाक्य काढू का?" तिने विचारले.

"विद्यापीठाच्या कागदात राहू दे," आम्ही म्हणालो. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यापुढे काय सांगावे, याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आणि आम्ही ते दिलेही नाही.

प्रवेश मिळाला आहे. सध्या तिची धावपळ चालू आहे ती दुसऱ्याच कागदासाठी. लहानपणी कोणकोणत्या लसी टोचल्या त्याचा दाखला विद्यापीठास हवा आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे ते जुने कार्ड घरी सापडत नाही. आई म्हणते ते पत्र्याच्या पेटीत आहे. मुलाखतीची तारीख पुढल्या महिन्यातली आहे.