सा. न. वि. वि. ते एल. ओ. एल. : लघुरूपांची कुळकथा

‘तुम्ही’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘यू’ हा तीन अक्षरांचा. विद्यार्थ्याने निबंधात त्याऐवजी ‘यू’ हे एकच अक्षर लिहिले की शिक्षकाची लाल शाई उमटते आणि ‘मोबाइलने मुलांची भाषा बिघडवली’ असा उद्गारही निघतो. हा उद्गार कितपत खरा आहे? उत्तर देण्यापूर्वी लघुरूपांचा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरेल. तो मोबाइलपेक्षा पुष्कळच जुना आहे.

सुरुवात आपल्या घरापासून करू. मराठी पत्रात आपण ‘सा. न. वि. वि.’ लिहितो. त्याचा अर्थ ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. जुन्या पत्रांतील ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, पत्त्यातील ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम पोस्ट आणि सही झाल्यावर काही आठवले तर ‘ता. क.’, म्हणजे ताजा कलम. ही अक्षरे पाहून कोणी ‘भाषा बिघडली’ असे म्हणत नाही. उलट पत्रलेखनाच्या धड्यात ती आपण शिकवतो. जो मजकूर पुन्हा पुन्हा येतो आणि जो लिहिणारा व वाचणारा या दोघांनाही आधीच ठाऊक असतो, तो पूर्ण लिहिण्याचे कारण उरत नाही. लघुरूपाचा पहिला नियम हाच. ते दोघांमधल्या करारावर उभे असते.

शब्दाला पैसे पडू लागले

१८४४ साली सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला. पुढे तारसेवा पसरली आणि तिच्या शुल्काची आकारणी शब्दांच्या संख्येवर होऊ लागली. शब्दाला प्रत्यक्ष किंमत आली. त्याचा परिणाम भाषेवर ताबडतोब झाला. क्रियापदे आणि अव्यये गळाली. भारतातील ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ ही चार शब्दांची तार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा धसका आजही आठवेल. त्या चार शब्दांत व्याकरण अपुरे आहे, पण अर्थ मात्र पुरेपूर आहे. पत्त्याचेही शब्द मोजले जात. म्हणून व्यापारी पेढ्या एका शब्दाचा ‘तारेचा पत्ता’ नोंदवून ठेवीत. दिवाळीच्या किंवा विवाहाच्या शुभेच्छांसाठी आपल्या तारखात्याने ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते. फॉर्मवर क्रमांक लिहायचा; पलीकडे पूर्ण वाक्य उमटे. ही सेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तार पाठवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे स्वतःचेही संकेत होते. अमेरिकेत ‘७३’ म्हणजे ‘सप्रेम नमस्कार’ आणि ‘३०’ म्हणजे ‘मजकूर संपला’. हौशी रेडिओचालक आजही संभाषणाच्या शेवटी ‘७३’ म्हणतात. वॉल्टर फिलिप्स यांनी १८७९ साली वृत्तसंस्थांच्या तारांसाठी एक संकेतकोश प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी वृत्तपत्रांत दिसणारे ‘स्कोटस’ हे लघुरूप त्याच कोशातले आहे.

काटकसर नव्हे, गंमत

परंतु सगळीच लघुरूपे काटकसरीतून आलेली नाहीत. जगभर वापरला जाणारा ‘ओके’ घ्या. बोस्टन शहरात १८३८-३९च्या सुमारास शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरे वापरायची, अशी एक थट्टेखोर टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे ‘सारे बरोबर’. त्याचे जाणूनबुजून अशुद्ध रूप ‘ओ’ आणि ‘के’ या अक्षरांनी सुरू होई. २३ मार्च १८३९ रोजी ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ते छापले गेले. पुढच्या वर्षी मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या समर्थकांनी निवडणुकीच्या प्रचारात तीच अक्षरे वापरली. कारण त्यांच्या जन्मगावावरून पडलेले ‘ओल्ड किंडरहुक’ हे टोपणनावही त्याच अक्षरांचे होते. टूम विरली, शब्द टिकला. अॅलन वॉकर रीड या भाषा-अभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वृत्तपत्रे चाळून ही कुळकथा उजेडात आणली.

‘ओ. एम. जी.’ म्हणजे ‘ओ माय गॉड’ हे तर आजच्या मुलांचेच म्हणून ओळखले जाते. ते ९ सप्टेंबर १९१७च्या एका पत्रात सापडते. लिहिणारे ब्रिटिश नौदलाचे निवृत्त सेनानी लॉर्ड फिशर, त्या वेळी वयाने शहात्तर वर्षांचे. आणि पत्र विन्स्टन चर्चिल यांना.

१६० ही संख्या कोठून आली?

आता मोबाइलकडे वळू. १९८५ साली जर्मनीतील बॉन येथे फ्रीडहेल्म हिलेब्रांट हे अभियंते मोबाइलवरून लेखी संदेश पाठवण्याच्या योजनेवर काम करीत होते. त्यांनी टंकलेखन यंत्रावर नेहमीची वाक्ये टंकून अक्षरे मोजली. पोस्टकार्डांचा आणि टेलेक्स संदेशांचाही आधार घेतला. बहुतेक मजकूर १६० अक्षरांत मावतो, असे त्यांना आढळले. पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ यांनी पाठवला. मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’.

संदेशासाठी १४० बाइट, म्हणजे १४० × ८ = ११२० बिट एवढी जागा असते. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात. ११२० ÷ ७ = १६०. देवनागरीसाठी मात्र युनिकोडचे १६ बिट लागतात. ११२० ÷ १६ = ७०. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जातात. ‘नमस्कार’ला न, म, स, हलन्त, क, काना, र अशा सात जागा लागतात. मराठी मुले रोमन अक्षरांत संदेश का लिहीत, याचे एक कारण या गणितात आहे. दुसरे कारण असे की, सुरुवातीच्या अनेक फोनांत देवनागरी लिपीच नव्हती.

कळपट्टीचीही अडचण होती. एका कळीवर तीन-चार अक्षरे असल्याने इंग्रजीत ‘सी यू’ म्हणजे ‘भेटू’ हे पूर्ण लिहायला, मधली मोकळी जागा सोडून, १६ वेळा कळ दाबावी लागे. दोन्ही शब्दांसाठी त्याच उच्चाराचे एकेक अक्षर वापरले की पाचच वेळा. ‘ग्रेट’ शब्दाच्या शेवटी ८ हा आकडा याच हिशेबाने आला.

चेहरा दिसत नाही तेव्हा

संगणकावरील लेखी गप्पांत अडचण वेगळी होती. समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मग थट्टा थट्टाच आहे हे कळावे कसे? १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन यांनी विसर्गासारखे चिन्ह, आडवी रेघ आणि कंस यांचा हसरा चेहरा सुचवला. ‘एल. ओ. एल.’ म्हणजे ‘लाफिंग आउट लाउड’, मोठ्याने हसणे, हे १९८९ सालच्या एका संगणकीय वार्तापत्रातील यादीत आढळते. २०११ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाने त्याला जागा दिली.

पण करार माहीत नसेल तर घोटाळा ठरलेला. डेव्हिड कॅमेरून हे ब्रिटनचे माजी पंतप्रधान. या अक्षरांचा अर्थ ‘लॉट्स ऑफ लव्ह’, म्हणजे ‘खूप प्रेम’, असा समजून ते संदेशाखाली लिहीत असत. ही गोष्ट २०१२ साली एका चौकशी समितीपुढील साक्षीत उघड झाली.

मग भाषा बिघडते का?

बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. संदेशांत लघुरूपे अधिक वापरणाऱ्या मुलांचे शब्दवाचन कच्चे नव्हते. ते सरस असण्याकडे कल दिसला. अक्षर आणि ध्वनी यांचे नाते पक्के समजल्याशिवाय ‘ग्रेट’मध्ये ८ बसवता येत नाही, हे याचे एक संभाव्य कारण. अर्थात हा अभ्यास लहान आहे, इंग्रजीपुरता आहे आणि त्यातून ‘लघुरूपांमुळे वाचन सुधारते’ असे सिद्ध होत नाही. परंतु सरसकट दोष देण्यालाही त्यातून आधार मिळत नाही.

तेव्हा निबंधातल्या एकाक्षरी ‘यू’खाली लाल रेघ जरूर ओढावी, मात्र तिचे कारण नीट सांगावे. ते अक्षर अशुद्ध आहे असे नव्हे, तर परीक्षकाशी तसा करार झालेला नाही. वर्गात एक उपक्रम करून पाहता येईल. मुलांना घरातील जुन्या पत्रांतील आणि स्वतःच्या संदेशांतील लघुरूपे जमवायला सांगा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहू द्या : पूर्ण रूप काय, ते कोणाकोणाला कळते आणि छोटे केल्याने काय वाचले – कागद, पैसा, वेळ की नुसती गंमत? आजोबांना ‘एल. ओ. एल.’ आणि नातीला ‘ता. क.’ एकमेकांना समजावून सांगावे लागेल. त्या समजावण्यात भाषेचे शिक्षण आपोआप होईल.