पोटातील पडद्याला मानवणाऱ्या द्रवाचा शोध
पेरिटोनियल डायलिसिसमधील द्रवाची जैवसुसंगतता

दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णापुढे प्रत्यारोपणाखेरीज डायलिसिसचे दोन मार्ग उरतात. यंत्राद्वारे रक्त शुद्ध करणारे हिमोडायलिसिस बहुतेकांच्या परिचयाचे आहे. पेरिटोनियल डायलिसिस, अर्थात बोलीभाषेतील ‘पोटाचे डायलिसिस’, हा दुसरा मार्ग होय. पोटाच्या पोकळीला आतून वेढणाऱ्या पर्युदर या नाजूक पडद्याचाच येथे गाळणीसारखा उपयोग केला जातो. मऊ नळीतून पोटात सोडलेला द्रव काही तास आत राहतो. या काळात युरियासारखी टाकाऊ द्रव्ये व शरीरातील जादा पाणी त्यात उतरते आणि मग तो द्रव बाहेर काढून टाकला जातो. दोन लिटरची पिशवी दिवसातून चार वेळा, असा हिशेब धरला तर वर्षाकाठी सुमारे तीन हजार लिटर द्रव या पडद्याच्या संपर्कात येतो. तो पडद्याला कितपत मानवतो, यालाच वैद्यकशास्त्रात द्रवाची जैवसुसंगतता म्हणतात. ही उपचारपद्धती रुग्णाला किती वर्षे साथ देणार, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते.

मानवी रुग्णावर या पद्धतीचा पहिला प्रयोग जर्मनीतील गेऑर्ग गांटर यांनी १९२३ साली केला. रुग्णाला घरच्या घरी, चालता-फिरता घेता येईल असे अखंड डायलिसिस (सीएपीडी) मात्र अमेरिकेतील पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांच्या १९७६ मधील मांडणीतून पुढे आले. त्यानंतर टोरांटोच्या ओरिओपोलस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या व पद्धत सुटसुटीत झाली. पिशवीतील द्रवाकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तो निर्जंतुक आहे, एवढे पुरेसे मानले गेले.

आम्लता कशासाठी?

पारंपरिक द्रवात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लॅक्टेट आणि ग्लुकोज असते. पाणी ओढून घेण्याचे काम ग्लुकोजचे. ते १.३६, २.२७ व ३.८६ टक्के अशा तीन तीव्रतांमध्ये मिळते. निरोगी माणसाच्या रक्तातील साखरेशी तुलना केली, तर सर्वांत सौम्य पिशवीतही साखर सुमारे १३ पट, तर सर्वांत तीव्र पिशवीत ३८ पट भरते. त्यातच द्रवाचा पीएच साडेपाचच्या आसपास, म्हणजे रक्ताच्या ७.४ या पातळीपेक्षा पुष्कळच आम्लधर्मी असतो. द्रव आत जाताना काही रुग्णांच्या पोटात कळ येते, त्यामागे ही आम्लता असू शकते.

असा द्रव मुद्दाम बनवण्यामागे निर्मितीतील अडचण आहे. रक्तातील आम्लता आवरण्याचे नैसर्गिक काम बायकार्बोनेट करते. परंतु ते कॅल्शियमसोबत एकाच पिशवीत साठवले, की पाणी तापवण्याच्या भांड्यात बसतो तसा पांढरा साका धरतो. म्हणून त्याच्या जागी लॅक्टेट आले. त्याआधी काही ठिकाणी ॲसिटेट वापरले जाई, पण पडद्याला होणाऱ्या हानीशी त्याचा संबंध दिसू लागल्यावर ते मागे पडले.

दुसरी अडचण उष्णतेची. द्रव निर्जंतुक करण्यासाठी तो सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. साखरेचा पाक जास्त तापला की करपू लागतो, त्याच जातीची प्रक्रिया पिशवीतही घडते. ग्लुकोजचे विघटन होऊन मिथाइलग्लायॉक्सल, फॉर्माल्डिहाइड यांसारखी पेशींना घातक संयुगे तयार होतात. द्रव आम्लधर्मी ठेवला तर ती कमी निर्माण होतात, म्हणून आम्लता पत्करली गेली. विएस्लँडर व सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उष्णतेने निर्जंतुक केलेला द्रव पेशींच्या वाढीला मारक ठरला. केवळ सूक्ष्म गाळणीतून गाळलेल्या द्रवाने तशी हानी केली नाही. साखर आणि आम्लता यांच्याइतकाच तापवण्याचा टप्पाही दोषी असल्याचे यातून पुढे आले.

जाड होत जाणारा पडदा

या माऱ्याचा परिणाम २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, कार्डिफ येथील संशोधकांच्या पर्युदर-नमुन्यांच्या अभ्यासात स्पष्ट दिसला. निरोगी व्यक्तीत पडद्याखालील थराची जाडी साधारण ५० मायक्रोमीटर होती, तर पेरिटोनियल डायलिसिसवरील रुग्णांत ती २७० मायक्रोमीटर आढळली. उपचारांचा काळ लांबला तशी ती वाढत गेली. सगळा दोष द्रवाच्या माथी मारणे मात्र योग्य नव्हे. डायलिसिस सुरू न झालेल्या मूत्रपिंडविकारग्रस्तांतही हा थर निरोगी व्यक्तींपेक्षा जाड होता.

पडद्यात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या की द्रवातील साखर झपाट्याने रक्तात शोषली जाते आणि पाणी ओढण्याची ताकद ओसरते. अंगावर सूज येते, अधिक तीव्र पिशवी वापरावी लागते आणि तीच पडद्याचे आणखी नुकसान करते. अनेक रुग्णांना हिमोडायलिसिसकडे वळावे लागते, ते या दुष्टचक्रामुळे. क्वचित पडदा कठीण होऊन आतड्यांना आवळून धरतो. हा विकार प्राणघातक ठरू शकतो. जपानमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,९५८ रुग्णांपैकी अडीच टक्क्यांत तो आढळला होता. तेथे नव्या धर्तीचे द्रव रुळल्यानंतर, २०१४ मधील १,३३८ रुग्णांच्या पाहणीत हे प्रमाण एक टक्का निघाले. अर्थात, दोन पाहण्यांतील फरकाचे सारे श्रेय द्रवाला देता येत नाही.

दोन कप्प्यांची पिशवी

नव्या धर्तीचा द्रव म्हणजे मूलतः एक साधी युक्ती आहे. पिशवीचे दोन कप्पे करून एकात तीव्र आम्लधर्मी ग्लुकोज व दुसऱ्यात लॅक्टेट किंवा बायकार्बोनेट ठेवतात. दोन्ही वेगवेगळे तापवले जातात व वापरण्यापूर्वी मधली शिवण उघडून एकत्र केले जातात. त्यामुळे विघटनजन्य संयुगे कमी राहतात आणि मिश्रणाचा पीएच रक्ताच्या जवळ येतो. अशी पिशवी वापरणाऱ्याने शिवण पूर्ण उघडून दोन्ही भाग नीट मिसळल्याची खात्री केल्याशिवाय द्रव पोटात सोडता कामा नये.

प्रत्यक्ष लाभ किती, याविषयी मात्र निष्कर्ष संमिश्र आहेत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व सिंगापूर येथील १८५ रुग्णांवरील ‘बॅलान्झ’ चाचणीत (२०१२) मूत्रपिंडाची उरलेली कार्यक्षमता घटण्याच्या वेगात ठळक फरक दिसला नाही. लघवी पूर्ण बंद होण्याची वेळ मात्र लांबली आणि पोटातील जंतुसंसर्गही कमी आढळला. पुढील संशोधनात संसर्गाबाबतची ही बाब ठामपणे सिद्ध झाली नाही. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हे द्रव उरलेली मूत्रपिंड-क्षमता आणि लघवीचे प्रमाण टिकवण्यास मदत करतात, पण त्यांमुळे आयुष्य वाढते, असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. तरीही हा लाभ किरकोळ समजू नये. कॅनडा व अमेरिकेतील ६०१ रुग्णांच्या माहितीचे २००१ साली फेरविश्लेषण झाले, तेव्हा उरलेली मूत्रपिंड-क्षमता जितकी अधिक तितका मृत्यूचा धोका कमी, असे आढळले होते.

साखरेला पर्याय

मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले आयकोडेक्स्ट्रिन हा ग्लुकोजला मिळालेला सर्वांत उपयुक्त पर्याय. त्याचे मोठे रेणू सहज शोषले जात नसल्याने रात्रभर किंवा आठ-बारा तास पोटात ठेवायच्या द्रवासाठी ते सोयीचे ठरते. अंगात पाणी साठण्याचा त्रासही त्याने कमी होतो. मात्र शरीरात त्यापासून माल्टोज तयार होते आणि रक्तशर्करा मोजण्याच्या काही पट्ट्या त्यालाच ग्लुकोज समजतात. यंत्रावर साखर वाढलेली दिसते, म्हणून इन्सुलिन दिले जाते आणि प्रत्यक्षात साखर धोकादायकरीत्या उतरते. अशा मृत्यूंची नोंद झाल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली इशारा दिला होता. हा द्रव वापरणाऱ्या मधुमेही रुग्णाने आपली पट्टी केवळ ग्लुकोजच मोजते ना, हे डॉक्टरांकडून तपासून घेणे अत्यावश्यक आहे.

याच द्रवाने २००२ मध्ये आणखी एक धडा दिला. युरोपातील अनेक रुग्णांच्या पोटातून गढूळ द्रव येऊ लागला, पण त्यात जंतू सापडेनात. काही साठ्यांत एका उष्णताप्रेमी जिवाणूच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन हा अंश उतरल्याचे अखेर उघड झाले. नेहमीची एंडोटॉक्सिन चाचणी हा अंश ओळखत नसल्याने ते साठे चाचणीत उत्तीर्ण झाले होते.

अमिनो आम्लांचा १.१ टक्के द्रवही काही देशांत कुपोषित रुग्णांसाठी दिवसातून एकदा वापरला जातो. त्याचा उपयोग मर्यादित आहे.

भारतात पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ साली पेरिटोनियल डायलिसिसचाही समावेश झाला. तरी दोन कप्प्यांच्या पिशव्या व आयकोडेक्स्ट्रिन साध्या पिशवीहून महाग पडतात आणि खर्च रोजचा असतो. ज्यांना साधी पिशवीच परवडते, त्यांनाही पडदा जपण्याचे उपाय आहेत. मीठ व पाणी आटोक्यात ठेवले, की तीव्र साखरेच्या पिशवीची गरज कमी भासते. लघवी होत असेल, तर डॉक्टर ती वाढवणारी औषधे देऊ शकतात. उरलेल्या मूत्रपिंडाला अपाय करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेणे टाळावे. आणि रोजच्या नोंदवहीत वजन व बाहेर आलेल्या द्रवाच्या मापासोबत पिशवीची तीव्रताही लिहावी. पूर्वी सौम्य पिशवीने निघणारे पाणी आता तीव्र पिशवीनेच निघत असेल, तर ती नोंद पुढच्या भेटीपर्यंत न थांबता डॉक्टरांना दाखवावी.