सात-बारा पाहिला, नळ राहिला

1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बदलीची माणसं आली आणि वाड्यांच्या आपल्या गावात फ्लॅट दिसू लागले. 2000 साली आपल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मीही एक घेतला. बँकेत गृहकर्जाची प्रकरणं तपासण्यात उमेद गेलेली. टायटल सर्च, एनए, सात-बारा, मंजूर नकाशा, सगळं बारकाईने पाहिलं. एकही नळ उघडून पाहिला नाही!

आमचे वडील घर बघायला गेले की आधी आडात डोकवायचे. विरचक धरणाचं पाणी नळाने घरात आलं आणि ती सवय सुटली.

राहायला आल्यावर कळलं की गच्चीवरची टाकी आमच्या अगदी डोक्यावर. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो, 10 मीटरला साधारण 1 किलो. आमच्या वाट्याला जेमतेम पाव. तळमजल्यावर धो धो पाणी, आमच्याकडे करंगळीएवढी धार. दोन-तीन नळ एकदम सोडून पाहिले असते तर पाच मिनिटांत समजलं असतं.

ते सोसलं. खरं दुखणं चौथ्या वर्षी निघालं. खालच्या भाऊंच्या छताला ओल आली, पोपडे पडू लागले. बिल्डरने 1963 च्या फ्लॅट मालकी कायद्यावर बोट ठेवलं : दोष दाखवायची मुदत ताब्यापासून 3 वर्षे. (रेराने ती आता 5 केली आहे, आमच्या काय कामाची?) उपविधी सांगतात की संडास-बाथरूमची आतली गळती सभासदाने स्वखर्चाने काढावी. आणि सोसायटीचा खजिनदार मीच! फरशी फोडली तर नहाणी ट्रॅपचा सांधा नीट भरलेलाच नव्हता. प्लंबर म्हणाला, "साहेब, हाई पह्यलेपासूनच शे."

खर्च मी केला, भाऊंचं छतही रंगवून दिलं. पण फराळाचं ताट वर यायला दोन दिवाळ्या गेल्या.

आता कोणी जुना फ्लॅट घ्यायला आलं की मी सांगतो : नहाणीला बोळा लावा, दोन बोटं पाणी साठवा, दुसऱ्या दिवशी खालच्या घरात जाऊन छत बघा. सिंकखालचं कपाट उघडून वास घ्या. विकणारे नाराज होतात, होऊ द्या.

मागच्या वर्षी भाऊंच्या नातवासाठी घर पाहायचं होतं. भाऊ मलाच घेऊन गेले. पाणी त्यांनी ओतलं. दुसऱ्या दिवशी खालच्या घरात मान वर करून उभा होतो मी.