प्युरिटनांचे घरगुती कागद व मुंबईंतील त्यांची शाखा

जुन्या दप्तरांतून माणसांचीं घरें शोधूं जाणारास एक अडचण नेहमीं येते. लढाया, तह, इनामें, वसूल यांचे कागद गाडाभर सांपडतात. परंतु नवराबायकोचें बोलणें, सासरमाहेरचे रुसवेफुगवे, कोणाचें मन कोणावर बसलें होतें, यांचा मागमूस क्वचितच लागतो. लग्न झालें तर खर्चाची यादी मिळते, वधूचा स्वभाव मिळत नाहीं. ही अडचण केवळ मराठी दप्तराची नव्हे. अमेरिकेंत इ. स. १६२० पासून वसाहत करून राहिलेल्या इंग्रज शुद्धिवादी लोकांच्या, म्हणजे प्युरिटनांच्या, कागदांतही तीच आहे. त्या लोकांशीं आमचा संबंध काय, अशी शंका वाचकांस येईल. संबंध असा कीं, त्यांच्याच चर्चपरंपरेंतील मंडळी १८१३ सालीं मुंबईस उतरली, आणि मराठी मुद्रणाचा जो संग्रह आम्ही आज मोठ्या आस्थेनें जपतों त्याचा एक आरंभ त्यांच्या छापखान्यांत आहे. यास्तव त्यांचे मूळचे कागद वाचण्याची रीत अगोदर पाहूं, आणि मग मुंबईकडे वळूं.

प्लिमथच्या वसाहतीचा मुख्य आधार म्हणजे तिचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याची स्वहस्ताची पोथी. तिची हकीकत हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी अशी आहे. बोस्टनमधील एका चर्चच्या मनोऱ्यांत पोथी होती. अमेरिकन राज्यक्रांतीच्या धामधुमींत ती नाहींशी झाली. १८५५ सालीं लंडनच्या बिशपच्या फुलम येथील ग्रंथालयांत तिचा पत्ता लागला. १८५६ सालीं ती छापली, आणि १८९७ सालीं मॅसॅच्युसेट्सला परत गेली. म्हणजे सुमारें ऐशीं वर्षें लोक प्लिमथचा इतिहास मूळ पोथीवांचून, उताऱ्यांवर व ऐकींव गोष्टींवर चालवीत होते. त्या अवधींत दंतकथांस किती मोकळें रान मिळालें असेल, हें सांगावयास नको.

ब्रॅडफर्डची पहिली बायको डॉरोथी जहाज बंदरांत उभें असतांना डिसेंबर १६२० मध्यें मरण पावली. नवरा त्या वेळीं किनाऱ्यावर जागा पाहण्यास गेला होता. एवढी मोठी गोष्ट. पण पोथीच्या कथनांत तिजविषयीं एक शब्द नाहीं. शेवटीं जोडलेल्या उतारूंच्या यादींत मात्र, आल्यावर लवकरच ती वारली, एवढा उल्लेख आहे. ती जहाजावरून पडून बुडाली ही माहिती कॉटन मॅदरच्या १७०२ सालच्या ग्रंथांतून येते. तिनें जीव दिला, ही गोष्ट तर त्याहून फारच उशिराची. १८६९ सालीं एका लेखिकेनें मासिकांत कथा लिहिली, तींतून ती पसरली आणि पुढें इतिहास म्हणून सांगितली जाऊं लागली. नवरा मुका राहिला, म्हणून बायकोनें आत्महत्या केली असली पाहिजे, हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. मौन हा पुरावा धरावयाचा तर त्या पोथींत कोणाच्याच घराविषयीं फारसें कांहीं नाहीं, हेंही धरावें लागेल.

या मौनामागें केवढा आकांत होता तें आंकड्यांवरून दिसतें. मेफ्लॉवर जहाजावर उतारू १०२. त्यांतील निम्मे पहिल्या हिवाळ्यांत दगावले. प्रौढ स्त्रिया अठरा होत्या. त्या वर्षींच्या सुगीपर्यंत चारच उरल्या. एडवर्ड विन्स्लो याची बायको २४ मार्च १६२१ रोजीं वारली. सुझॅना व्हाइट हिचा नवरा फेब्रुवारींत वारला होता, आणि तिच्या कडेवर जहाजावरच जन्मलेलें मूल होतें. या दोघांचें लग्न १२ मे रोजीं झालें. प्लिमथमधील तें पहिलें लग्न. आणि तें पाद्र्यानें नव्हे, तर दिवाणी अधिकाऱ्यानें लाविलें, कारण लग्न हा संस्कार नसून करार आहे असें त्या पंथाचें मत होतें. सात आठवड्यांत दुसरा संसार! आमच्याकडील वाचक येथें दचकेल. परंतु ज्या गांवांत चूल पेटविण्यास माणूस नाहीं आणि तान्ह्या मुलास बाप नाहीं, तेथें सात आठवडे थोडे नव्हेत.

जॉन ऑल्डन व प्रिसिला मलिन्स यांची प्रेमकथा याहून गोड आहे, म्हणूनच तिजविषयीं सावध असावें. कॅप्टन स्टॅंडिश यानें आपली मागणी घालण्यास ऑल्डनला धाडलें, आणि मुलीनें त्यालाच, तूं स्वत:साठीं कां बोलत नाहींस, असें विचारलें, अशी ती गोष्ट. ती त्या घराण्यांतील एका वंशजानें १८१४ सालीं छापली, आणि दुसरा वंशज कवि लॉंगफेलो यानें १८५८ सालीं तीवर काव्य रचून जगभर केली. पोथींत काय आहे? प्रिसिलेचे आईबाप व भाऊ पहिल्याच हिवाळ्यांत वारले. तिनें ऑल्डनशीं लग्न केलें. दोघें हयात असून त्यांना अकरा मुलें आहेत. इतकेंच. आम्हांस विचाराल तर या कोरड्या ओळींत त्या काव्याहून अधिक आहे.

मात्र या लोकांस प्रेम ठाऊक नव्हतें असा कोणी निष्कर्ष काढील, तर त्यानें मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप व त्याची बायको मार्गारेट यांचीं पत्रें पाहावीं. १६३० सालीं तो पुढें निघाला व ती गरोदर असल्यामुळें इंग्लंडांत मागें राहिली. तेव्हां दोघांनीं असें ठरविलें कीं, दर सोमवारीं व शुक्रवारीं सायंकाळीं पांच वाजतां एकमेकांचें स्मरण करावें, आणि समुद्र मध्यें असतांही त्या वेळीं भेट झाली असें मानावें. १६३१ सालच्या नोव्हेंबरांत ती येऊन पोंचली. मधल्या काळांत जन्मलेली मुलगी वाटेंत जहाजावर वारली होती. मार्गारेट १६४७ मध्यें निवर्तली, आणि वर्षाच्या आंत विन्थ्रॉपनें एका विधवेशीं लग्न केलें. हीं दोन्हीं कृत्यें एकाच माणसाचीं आहेत. दुसरें पाहून पहिलें खोटें ठरविणें हा पुराव्याचा विपर्यास होईल. हीच कसोटी आतां मुंबईस लावावयाची आहे.

या वसाहतींचीं चर्चें पुढें काँग्रिगेशनल या नांवानें चालू राहिलीं, आणि त्यांच्या पुढाकारानें १८१० सालीं परदेशीं धर्मोपदेशक पाठविणारें अमेरिकन बोर्ड स्थापन झालें. पहिली तुकडी १८१२ च्या फेब्रुवारींत निघाली. त्या महिन्याच्या तारखा पाहाव्या: ५ तारखेस जडसन व ॲन हॅसेल्टाइन यांचें लग्न, ६ तारखेस सेलम येथें पांच तरुणांस दीक्षा, ८ तारखेस नॉट व रॉक्सॅना पेक यांचें लग्न, ९ तारखेस सॅम्युएल न्यूवेल व हॅरिएट ॲटवुड यांचें, आणि १९ तारखेस जडसन व न्यूवेल हीं दोन जोडपीं कॅरॅव्हॅन जहाजानें रवाना. लग्न हा प्रवासाच्या तयारीचा एक भाग होता, हें उघड आहे. जडसननें ॲनच्या बापाला जें मागणीपत्र लिहिलें, त्यांत सुखाचें आश्वासन एकही नाहीं. मुलगी या जगांत पुन: दिसणार नाहीं, हवापाण्यानें वा छळानें मरेल, हें कबूल करून द्याल काय, असें त्यांत विचारलें आहे. बापानें निर्णय मुलीवर सोंपविला. वधूपरीक्षेच्या आमच्या चालीशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे.

हॅरिएट निघाली तेव्हां अठरा वर्षांची होती. कलकत्त्यास पोंचतांच कंपनी सरकारनें या मंडळीस चालतें होण्यास सांगितलें. न्यूवेल दांपत्य ऑगस्टांत मॉरिशसकडे गेलें. वाटेंत समुद्रावर तिला मुलगी झाली, ती पांच दिवसांत गेली, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं पोर्ट लुई येथें हॅरिएटही क्षयानें वारली. वय एकोणीस. इकडे कलकत्त्यास जडसनचें मन बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर डळमळूं लागलें. तो मत बदलणार हें दिसतांच, तुम्ही बाप्टिस्ट झालांत तरी मी होणार नाहीं, असें ॲननें त्यास बजाविलें. पण पुढें स्वत: ग्रंथ पाहून तीही त्याच मतास आली, आणि ६ सप्टेंबरास दोघांनीं मिळून बाप्तिस्मा घेतला. नवराबायकोचा हा वाद आम्हांस त्या सर्व प्रवचनांहून मोलाचा वाटतो.

हॅरिएटचें चरित्र तिच्या रोजनिशीसह १८१४ पासून बोस्टनास छापून निघूं लागलें आणि त्याच्या आवृत्तीवर आवृत्ती निघाल्या. न्यू इंग्लंडमध्यें कित्येक मुलींस तिचें नांव ठेविलें गेलें. पुस्तकानें तिला साध्वी केलें. घर राहून गेलें.

गॉर्डन हॉल व नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस आले. पुण्यास तेव्हां पेशवाई होती. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यांत, आजच्या भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत, नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. या मंडळीस मुंबई बेट हीच काय ती जागा. तेथेंही गव्हर्नर नेपियन यास हुकूम होता कीं, यांस परत लावावें. पुष्कळ अर्जविनंत्यांनंतर राहण्याची परवानगी मिळाली. न्यूवेल सिलोनमार्गे १८१४ सालीं येऊन मिळाला. प्रकृति बिघडल्यामुळें नॉट दांपत्य १८१५ सालीं परतलें. हॉल यानें डिसेंबर १८१६ मध्यें मुंबईंतच राहणाऱ्या मार्गारेट लुईस नांवाच्या इंग्रज बाईशीं लग्न केलें. त्याच सुमारास मिशनचा छापखाना उभा राहिला, आणि मार्च १८१७ मध्यें त्यांतून आठ पानांचें पहिलें मराठी चोपडें निघालें.

विधुर न्यूवेलसाठीं वधू समुद्रापलीकडून आली. फिलोमेला थर्स्टन ही ग्रेव्ह्ज व निकल्स या जोडप्यांबरोबर फेब्रुवारी १८१८ अखेर मुंबईस उतरली, आणि मार्चांत लग्न झालें. त्याच १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि इकडे कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. मराठ्यांच्या राज्याचा शेवट व या बाईच्या संसाराचा आरंभ, दोहोंस एकच वर्ष. संसार तीन वर्षें टिकला. मे १८२१ मध्यें न्यूवेल पटकीनें गेला. त्याच वर्षीं जेम्स गॅरेट हा मुद्रक मुंबईस आला होता. १८२२ सालीं फिलोमेलेनें त्याशीं लग्न केलें. गॅरेटनें १८३१ सालीं मरेपर्यंत छापखाना चालविला. तो छापखाना पाहूनच गणपत कृष्णाजींस आपला छापखाना काढण्याची प्रेरणा झाली, ही गोष्ट मुद्रणाच्या अभ्यासकांस विदित आहेच. गॅरेटच्या हातचीं पुस्तकें संग्रहीं ठेवतांना त्याच्या घरांतील ही दोनदां विधवा झालेली बाई कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ती एकटी नव्हे. निकल्स १८२४ च्या डिसेंबरांत वारला. त्याच्या विधवेनें सिलोनांतील इंग्रज मिशनरी नाइट याशीं लग्न केलें. फ्रॉस्ट १८२५ च्या ऑक्टोबरांत वारला. त्याची विधवा क्लॅरिसा हिनें सिलोनच्या वुडवर्डशीं, व तो गेल्यावर मदुरेच्या टॉडशीं लग्न केलें. विन्स्लो व सुझॅना यांची प्लिमथमधील गोष्ट दोनशें वर्षांनीं मुंबईंत जशीच्या तशी घडत होती, कारणेंही तींच. परदेशांत एकट्या बाईस निर्वाह नाहीं, कामास हात कमी, आणि मरण दाराशीं. यांत मायेचा अभाव पाहणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

हें सर्व ज्या शेजारांत चाललें होतें तेथें ब्राह्मणादि जातींत विधवेचें लग्न हा अकल्पित विषय होता. कायदा १८५६ सालीं झाला, आणि बाबा पदमनजींचें यमुनापर्यटन १८५७ सालीं निघालें. तथापि याला जोडून एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुणब्यादि अनेक जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होतीच. सबब, पुनर्विवाह मुंबईकरांनीं प्रथम मिशनऱ्यांच्या घरीं पाहिला असें कोणी लिहील तर तें खरें नव्हे. फरक इतकाच कीं, येथें पाट हा लग्नापेक्षां हलका मानीत. त्या मंडळींत दुसऱ्या लग्नासही पहिल्याइतकाच मान होता.

या बायकांच्या देखरेखीखालीं १८२४ पासून मुंबईंत मुलींच्या शाळा निघाल्या. घरांतील कामें, बाळंतपणें आणि मरणें यांतून त्या चालणें कठीण, म्हणून अविवाहित शिक्षिका मागविण्यांत आली. सिंथिया फॅरार ही डिसेंबर १८२७ अखेर आली. तिनें लग्न केलें नाहीं. चौतीस वर्षें काम करून १८६२ सालीं ती अहमदनगरास वारली. तिची तेथील शाळा पाहून जोतीराव फुले यांस मुलींची शाळा काढण्याची उमेद आली, हें त्यांनीं स्वत: नमूद केलें आहे.

राहिली हॉलची हकीकत. हवा न मानवल्यामुळें दोन्हीं मुलगे सारखे आजारी, म्हणून १८२५ सालीं मार्गारेट त्यांस घेऊन अमेरिकेस निघाली. हॉलनेंही जावें असा आग्रह होता, पण सोबती एकामागून एक मरत होते, तो राहिला. मुलांपैकीं एक जहाजावरच वारला. पुढील मार्चांत हॉल पुस्तकें व औषधें घेऊन नाशकास गेला. तेथें पटकीची सांथ होती. औषधें वांटून परत येतांना सिन्नरजवळ दोडी-दापूर येथें देवळांत रात्रीं मुक्काम केला असतां त्यालाच पटकी झाली, आणि २० मार्च १८२६ रोजीं तो मरण पावला. वय एकेचाळीस. बरोबर होते दोन हिंदी तरुण. त्यांनींच त्याला तेथें पुरलें. नव्या कराराचें मराठी भाषांतर, ज्यावर तो इतकीं वर्षें खपला, त्याच वर्षीं छापून पुरें झालें. मुंबईचें पत्र अमेरिकेस पोंचण्यास तेव्हां चार-पांच महिने लागत. त्या उन्हाळ्यांत मार्गारेट नवऱ्यास जीं पत्रें लिहीत असेल तीं घेण्यास मुंबईंत तो नव्हता.