तळलं तरी न वितळणारं पनीर

आज तळलेल्या पनीरचा इतिहास. आमचं उचगाव कोल्हापूरला खेटून. इथं गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’ सुरू झाला. पण आपल्या जुन्या स्वयंपाकात पनीर नव्हतं. दूध नासलं की साखर घालून आटवायचं, संपला विषय! पनीर आलं ते हॉटेलातून. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांनी हॉटेलं, ढाबे टाकले आणि त्यांचं मेन्यूकार्ड देशभर पसरलं.

अमेरिकेत विस्कॉन्सिनला चीजचे ताजे तुकडे तळतात. ते रेनेटनं जमवलेले, त्यामुळं आत वितळतात. पनीरचं उलटं: तापलेल्या दुधात लिंबू पिळलं की प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, तेलातही सुटत नाहीत.

म्हणून घरी सोपं आहे. लिटरभर दूध फाडा, फडक्यात बांधून तासभर वजनाखाली ठेवा. तुकडे बेसनात बुडवून कडक तेलात तळा.

काही ठिकाणी वनस्पती तेलाचं ‘ॲनालॉग’ वाढतात. कायद्यानं ते पनीर म्हणून विकता येत नाही. तसं विकलं, की तोटा खाणाऱ्याचा आणि पहाटे धार काढणाऱ्याचाही.