वेल्स : अठराव्या शतकाच्या अखेरचे लोकजीवन
या काळातील वेल्श पुनरुज्जीवनाचे श्रेय सहसा लंडनमधील वेल्श मंडळींना दिले जाते. तेथे १७७० मध्ये ग्विनेदिगियन मंडळ स्थापन झाले. १७८९ मध्ये त्याच्या आश्रयाने वेल्समधील बाला येथे आइस्टेदवॉद हे कविसंमेलन भरले. १७९२ मध्ये योलो मॉर्गानुग या पाथरवट कवीने लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर भाटांची ‘गोर्सेद’ सभा भरवली. पण ऐकणारा, वाचणारा समाज आधी घडला नसता, तर हे प्रयत्न मूठभर हौशी लोकांपुरतेच राहिले असते. तो समाज घडवला ग्रिफिथ जोन्स यांच्या फिरत्या शाळांनी. शेतीची कामे थंडावली, की शिक्षक गावात येई, सुमारे तीन महिने राही आणि पुढच्या गावी जाई. मुलांसोबत मोठी माणसेही वेल्श बायबलवरून वाचायला शिकत. जोन्स १७६१ मध्ये वारले. ब्रिजेट बेव्हन यांनी १७७९ पर्यंत हे काम चालवले आणि पुढे टॉमस चार्ल्स यांनी बालाहून त्याला नवा जोम दिला.

यावर आक्षेप असा, की या शाळांना धर्म हवा होता, संस्कृती नव्हे. मेथडिस्ट प्रचारकांमुळे तर गावोगावची फिडल आणि नृत्ये मागे पडली. हार्पवादक एडवर्ड जोन्स यांनी हीच खंत नोंदवली आहे. हानी खरी आहे आणि ती मोठी आहे. तरीही हेतू धार्मिक असला, तरी त्यातून शेतकऱ्याच्या घरात छापील वेल्श पोहोचली. दुसरा आक्षेप योलोवरचा : त्याने जुन्या कवींच्या नावावर स्वतःची रचना खपवली, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. त्याची गोर्सेद मात्र १८१९ पासून आइस्टेदवॉदशी जोडलेली आहे.